मायकोरायझाची पुडी: रोपवाटिकेत जरूर घ्यावी, उभ्या बागेच्या ड्रीपला सोडू नये

द्राक्षाच्या खरड छाटणीच्या तोंडावर पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या कृषी सेवा केंद्रांत मायकोरायझाचा, म्हणजे मुळीत राहून झाडाला अन्न आणून देणाऱ्या बुरशीचा, माल काउंटरवर येतो. पुडीवर पांढऱ्या मुळीचा फोटो, मागे भलामोठा आकडा आणि सोबत ठरलेला सल्ला: एकरी एक पुडी ड्रीपमधून सोडा. हा सल्ला बहुतेक बागांत वाया जातो. तो का वाया जातो हे कळलं, की कोणता माल कुठे घ्यावा हेही आपोआप कळतं.

माल चार रूपांत येतो. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलेली शंभर ग्रॅमची बारीक भुकटी, चिकणमाती किंवा व्हर्मिक्युलाइटवर धरलेली चार किलोची दाणेदार पिशवी, बाटलीतलं द्रावण, आणि ‘एंडो-एक्टो’ (मुळीच्या पेशीत शिरणाऱ्या आणि मुळीवर बाहेरून आवरण करणाऱ्या बुरश्या) असं लिहिलेलं मिश्रण. परीक्षण या चार रूपांचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही. कारण एकाच कंपनीची भुकटी कामाची आणि बाटली बिनकामाची असू शकते.

निकाल आधी सांगतो. डॉगरिज किंवा ११०-आर या द्राक्षाच्या खुंटांची काडी पिशवीत लावणाऱ्याने आणि डाळिंबाची टिश्यू कल्चर रोपं हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावायला, घेणाऱ्याने भुकटी घ्यावी. नव्या लागवडीच्या खड्ड्याला दाणेदार माल जास्त परवडतो. आठ-दहा वर्षांच्या उभ्या बागेसाठी यातलं काहीच घेण्याची घाई करू नये. बाटली आणि मिश्रण द्राक्षासाठी घ्यायचं कारणच नाही.

द्राक्षाच्या मुळीत राहणारी बुरशी अर्बस्क्युलर, म्हणजे एंडो गटातली. ती मुळीच्या पेशीत शिरून बारीक फांद्यांसारखी रचना करते, मुळी पोचत नाही तिथून स्फुरद, जस्त, तांबं ओढून आणते आणि बदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध आम्लं घेते. स्निग्ध आम्लं तिला स्वतः तयार करता येत नाहीत. म्हणून जिवंत मुळीशिवाय ती वाढत नाही, बीजाणू म्हणजे आपलं बी धरत नाही. २०० लिटरच्या टाकीत गूळ, बेसन, शेण, गोमूत्र घालून पाच-सात दिवस स्लरी ढवळायची आणि त्यात मायकोरायझा ‘वाढवायचा’, ही पद्धत इथे मुळातच लागू पडत नाही. त्या टाकीत ट्रायकोडर्मा वाढेल, बॅसिलस वाढेल. मायकोरायझाचा एकही बीजाणू वाढणार नाही, उलट उगवलेले असतील ते आंबलेल्या पाण्यात मरतील. पुडी स्लरीत टाकायची असेल तर ती न घेतलेली बरी.

कारखान्यातसुद्धा ही बुरशी मुळीवरच वाढवतात. गाजराच्या मुळीत ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस हा जिवाणू आपला जनुकीय तुकडा सोडतो, मग ती मुळी पाल्याशिवाय नुसत्या साखरेच्या माध्यमावर वाढत राहते. त्या मुळीवर, अंधारात, साधारण २७ अंशांना बुरशी धरतात. भारतात टेरी (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या संस्थेने हे तंत्र मोठ्या उत्पादनापर्यंत नेलं आणि कंपन्यांना दिलं. बाजारातली डेक्स्ट्रोजवाली बारीक भुकटी बहुधा याच वाटेने आलेली असते. तिचा मोठा गुण म्हणजे प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक बाटलीत वाढल्यामुळे सोबत सूत्रकृमी किंवा मर रोगाची बुरशी येत नाही. उणीव अशी की त्यात बहुतेक वेळा एकच जात असते, ऱ्हायझोफॅगस इरेग्युलॅरिस. पुडीवर ग्लोमस इंट्राराडायसेस लिहिलं असलं तरी या व्यापारी मालात बहुधा तीच समजावी. जुनं नाव दिसतं म्हणून माल जुना ठरत नाही. दाणेदार माल सहसा कुंडीतल्या किंवा वाफ्यातल्या मका-ज्वारीच्या मुळांवर वाढवलेला असतो. त्यात मुळीचे तुकडे असतात, आणि बुरशी भरलेला मुळीचा तुकडा सुट्या बीजाणूपेक्षा लवकर लागतो. मात्र वाफा स्वच्छ नसेल तर त्याच तुकड्यांबरोबर नको ते पाहुणेही येतात.

आता पुडीच्या मागचा आकडा. लेबलवर तीन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या सापडतात: बीजाणू, प्रोपॅग्यूल आणि आयपी. बीजाणूंच्या मोजणीत मेलेलेही धरले जातात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला आणि जिवंत बीजाणू पुष्कळदा सारखाच दिसतो. प्रोपॅग्यूलमध्ये बीजाणू, मुळीचे तुकडे आणि तंतू सगळे आले. आयपी म्हणजे इन्फेक्शन पॉइंट, प्रत्यक्ष मुळीत किती जागी शिरकाव झाला ते. यासाठी रोप वाढवून मुळी रंगवावी लागते, म्हणून हाच आकडा खरा उपयोगाचा. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये मायकोरायझाचा जैविक खत म्हणून समावेश आहे. त्यातला ठरलेला निकष प्रति ग्रॅम किमान १०० जिवंत प्रोपॅग्यूल, त्यात किमान ६० बीजाणू, असा आहे. भुकटीचा ९० टक्के भाग २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे अशीही अट आहे. पुडीवर नुसतं ‘लाखो बीजाणू’ लिहिलं असेल आणि प्रति ग्रॅम आकडा, जातीचं नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख यातलं काही गायब असेल, तर ती खाली ठेवावी.

हिशेब करून पाहू. नऊ बाय पाच फुटांवर एकरात साधारण ९६८ वेली बसतात. किमान निकषाच्या शंभर ग्रॅम पुडीत १०,००० प्रोपॅग्यूल. म्हणजे वेलीला दहा. त्यातले किती पांढऱ्या मुळीपासून काही मिलिमीटरवर पडतील? जवळपास एकही नाही. पुडीवर प्रति ग्रॅम १२०० आयपी असतील आणि ते खरे असतील, तर वेलीला सव्वाशेच्या आसपास येतात. तेही पूर्ण बोदात, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यात, पसरून. किमान निकषाच्याच चार किलो दाणेदार पिशवीत मात्र चार लाख प्रोपॅग्यूल असतात, म्हणजे वेलीला चारशेच्या वर. म्हणून पुडीची किंमत पुडीला लावू नये, मुळीपाशी पोचणाऱ्या प्रोपॅग्यूलला लावावी. तसं पाहिलं तर खड्ड्यासाठी स्वस्त वाटणारी पुडी महाग पडते.

ड्रीपमध्ये दुसरी अडचण आहे आणि ती लेबलवर कधीच लिहिलेली नसते. आपल्याकडच्या डिस्क किंवा जाळी फिल्टरचं छिद्र बहुतेक ठिकाणी १३० मायक्रॉनच्या आसपास असतं. ऱ्हायझोफॅगसचे बरेचसे बीजाणू त्यातून जातात, पण फ्युनेलिफॉर्मिस मोसी या दुसऱ्या जातीचे बीजाणू २०० मायक्रॉनच्या पुढे जाऊ शकतात, आणि मुळीचे तुकडे तर फिल्टरवरच बसतात. पुढच्या बॅकवॉशला ते नाल्यात. जे लॅटरलपर्यंत पोचतात ते जड असल्यामुळे पाणी संथ झालं की नळीच्या तळाशी बसतात. ड्रिपरखाली पडलेलेही काळ्या जमिनीत खोल उतरत नाहीत, वरच्या थरात अडकतात. शिवाय उभ्या बागेच्या मुळीत स्थानिक मायकोरायझा आधीच राहत असतो. जागा भरलेली असताना बाहेरून आलेल्याला वाव कमी. उभ्या बागेत करायचंच असेल तर बोद एका बाजूने उकरून, पांढरी मुळी दिसेल तिथे दाणेदार माल हाताने टाकून लगेच झाकावा. मजुरी जाते, पण माल मुळीला लागतो.

आधीच्या पिकावर बरंच अवलंबून असतं, आणि याचा उल्लेख कोणी विक्रेता करत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळाच्या मुळीत ही बुरशी लागत नाही. पालक आणि बीटही तसेच. सलग दोन-तीन हंगाम कोबी-फ्लॉवर घेतलेल्या रानात जमिनीतली स्थानिक बुरशी रोडावते. अशा रानात द्राक्ष लावणार असाल तर खड्ड्याला दाणेदार माल देण्याला खरा अर्थ आहे. कांदा, मका, सोयाबीन, ताग यांच्यानंतर लागवड होत असेल तर रानात ती पुरेशी असण्याची शक्यता मोठी.

रोपवाटिकेचं गणित वेगळं आहे. कोकोपीटमध्ये ही बुरशी नसते, वाफवलेल्या मातीत उरत नाही, आणि पिशवीतली माती ओंजळभरच असते. इथे शंभर ग्रॅमची पुडी किमान निकषाची असेल तर २०० पिशव्यांना, १२०० आयपीची असेल तर १००० पिशव्यांना पुरवावी. भुकटी इतकी थोडी असते की हाताने सारखी वाटता येत नाही. म्हणून १००० पिशव्यांसाठी ती पाच किलो चाळलेल्या कोरड्या वाळूत दोन-तीन वेळा खालीवर करून मिसळावी. मग पिशवीला सपाट एक चमचा, अंदाजे पाच ग्रॅम येतं. वाळू ओली असेल तर डेक्स्ट्रोज विरघळून गोळे होतात, आणि काही पिशव्यांना सगळं तर काहींना काहीच जात नाही. पाण्यात कालवून द्यायचं असेल तर त्याच दिवशी संपवावं आणि सतत ढवळत राहावं. बीजाणू तळाला बसतात, पहिल्या पिशव्यांना नुसतं गोड पाणी मिळतं.

वेळ चुकली तर चांगला मालही वाया जातो. काडी लावताना तिला मुळीच नसते. त्यातून काडी बहुतेक ठिकाणी कार्बेन्डाझिममध्ये बुडवलेली असते, आणि हे बुरशीनाशक मायकोरायझाला ठामपणे मारक आहे. म्हणून लावतानाच भुकटी घालण्याऐवजी तीन-चार आठवडे थांबावं, एक पिशवी फाडून पांढरी मुळी सुटली का पाहावं, मग काडीच्या दोन बाजूंना बोटभर खोल भोक पाडून मिश्रण घालावं आणि माती दाबावी. त्यानंतर कार्बेन्डाझिमची आळवणी बंद. पिशवीच्या मातीत सुपर फॉस्फेट किंवा डीएपी मिसळू नये, १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खत द्यायची घाई करू नये. झाडाला आयता स्फुरद मिळाला की ते बुरशीला आत येऊ देत नाही, कारण साखर खर्च करून तिला पोसण्याची त्याला गरज उरत नाही. मायकोरायझा दिला आणि काही फरक दिसला नाही, अशा तक्रारींमागे हेच कारण फार वेळा असतं. ड्रीप धुण्यासाठी सोडलेलं फॉस्फोरिक ॲसिडही याच हिशेबात धरावं.

बाटलीबद्दल थोडक्यात. पाण्यातला बीजाणू उबेत उगवायला बघतो, मुळी सापडत नाही, आणि साठवलेलं अन्न खर्चून थकतो. कोरड्या भुकटीत तो निवांत राहतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमधून आलेल्या बाटलीवर भरवसा ठेवावा असं काही नाही.

एंडो-एक्टो मिश्रणात एक्टो म्हणून सहसा पिसोलिथस, स्क्लेरोडर्मा, ऱ्हायझोपोगन असतात. या बुरश्या पाइन, निलगिरी, ओक यांसारख्या झाडांच्या. द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, कांदा यांच्या मुळीत त्या लागत नाहीत, म्हणजे पिशवीतला तेवढा भाग आपण मातीत पुरण्यासाठी विकत घेतो. आंतरजालावर हल्ली ट्रफलचं ‘कल्चर’ विकायला दिसतं, त्याचंही तेच. काळा ट्रफल, ट्यूबर मेलानोस्पोरम, हा एक्टो गटातला. ओक आणि हेझलच्या मुळीवर राहतो, चुनखडीची जमीन आणि गार हिवाळा मागतो. आपल्या चुनखडीमुळे मोह होऊ शकतो, पण बाकी काही जुळत नाही. युरोपातल्या रोपवाटिकासुद्धा बशीतल्या मायसेलियमवर, म्हणजे बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यावर, न विसंबता पिकलेला ट्रफल वाटून त्याच्या बीजाणूंच्या पाण्याने रोपं धरतात. मायसेलियम फार सावकाश वाढतं, आणि या बुरशीला फळ धरायला दोन वेगळ्या मेटिंग टाइपची, म्हणजे नर-मादीसारख्या जोडीची, गरज असते; एका बीजाणूपासून वाढवलेल्या कल्चरमध्ये एकच असतो. नाशिकमध्ये अशी बशी मागवण्यात पैसा घालू नये.

पुडी जिवंत आहे का, हे कांद्यावर तपासता येतं, आणि लासलगावच्या मुलखात कांद्याच्या बियाण्याला तोटा नाही. कांद्याची मुळी जाड, पांढरी, केसाळ नसलेली; रंगवली की आतलं स्वच्छ दिसतं. दोन भाग धुतलेली नदीची वाळू आणि एक भाग चाळलेली माती घेऊन ती कापडी पिशवीत बांधून कुकरमध्ये तासभर वाफवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. वाफवलेली माती लगेच वापरू नये. मँगनीज सुटून रोपं पिवळी पडतात, आठ-दहा दिवस उघडी ठेवावी. मग तीन प्रकारच्या कुंड्या भराव्या. पहिलीत पुडीतली भुकटी, दुसरीत तीच भुकटी पण कुकरमध्ये अर्धा तास वाफवून मारलेली, तिसरीत काहीच नाही. दुसरी कुंडी टाळू नये. काही पुड्यांत ह्युमिक, सीवीड, व्हिटॅमिन मिसळलेले असतात. रोप त्यांनी हिरवं होतं आणि श्रेय बुरशीला जातं. वाफवलेल्या भुकटीची कुंडीही तितकीच हिरवी दिसली, तर आपण ह्युमिक विकत घेतलंय. एका प्रकारच्या निदान चार कुंड्या ठेवाव्या, एकीवरून निष्कर्ष काढू नये. खत म्हणून स्फुरद नसलेलं द्रावणच द्यावं.

पाच-सहा आठवड्यांनी रोपं उपटावी. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा आणखी दोन-तीन आठवडे थांबावं. मुळ्या धुऊन एक सेंटीमीटरचे तुकडे करावे, १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं गरम करावे. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, पोटॅश त्याला खातं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावं. डॉगरिजच्या मुळीला रंग जास्त, तिला अर्धा ते पाऊण तास लागतो. नंतर तुकडे पाण्याने नीट धुवावे आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची काळी शाई घालून तीन मिनिटं उकळावे. मग व्हिनेगरचे चार थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवले की जादा रंग निघतो. सगळ्या शाया सारख्या चढत नाहीत, म्हणून आधी थोड्या मुळ्यांवर करून पाहावं.

कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठं करून पाहिलं की आडपडदे नसलेले निळसर-काळे तंतू, अंडाकार फुगे आणि पेशीत झुडपासारखी रचना दिसते. नुसते पडदेवाले सरळ तपकिरी तंतू दिसले तर ती दुसरीच बुरशी. ते मोजू नये. तुकडे चौकोनी जाळीच्या बशीत पसरून मुळी आणि रेघ जिथे छेदते असे १०० छेद तपासावे, बुरशी असलेले किती ते मोजावे. पहिल्या कुंडीत भरपूर आणि दुसऱ्या-तिसऱ्यात शून्य आलं तर माल जिवंत. तिसऱ्या कुंडीतही दिसली तर माती नीट वाफवली गेली नाही, तपासणी पुन्हा करावी.

चाचणीत उतरलेली पुडी विरजणासारखी वापरता येते. त्याच वाफवलेल्या वाळू-मातीने दहा किलोच्या ग्रो बॅग भराव्या, बियांच्या खाली तीन-चार सेंटीमीटरवर पाच-दहा ग्रॅम भुकटीचा थर द्यावा, वर मका, ज्वारी आणि काठाला कांदा पेरावा. बॅग जमिनीवर टेकवू नये, विटांवर ठेवावी. पावसात उडणाऱ्या चिखलातून सूत्रकृमी आत येतो. तीन-चार महिने वाढवून शेवटचे दहा-बारा दिवस पाणी तोडावं. पीक सुकत आलं की बुरशी बीजाणू धरते. हिरवं असतानाच उपटलं तर हाती माती जास्त आणि माल कमी लागतो. वरचा पाला कापून टाकावा, मुळ्या बारीक चिरून त्याच वाळूत मिसळाव्या, सावलीत वाळवाव्या. एक किलोच्या रोप-पिशवीला यातलं २०-५० ग्रॅम पुरतं. वर्षभरात संपवावं.

या घरच्या मालात एक धोका कायम राहतो, तो सूत्रकृमीचा. प्रत्येक लॉटमधून मूठभर माती घेऊन त्यात टोमॅटोचं रोप लावावं आणि सहा आठवड्यांनी मुळीवर गाठी आहेत का पाहाव्या. एक जरी गाठ दिसली तरी तो लॉट डाळिंबाच्या रोपांना अजिबात वापरू नये. सटाणा, देवळा, मालेगावकडे डाळिंबाच्या भगवा जातीच्या टिश्यू कल्चर रोपांवर एवढा खर्च करायचा आणि सूत्रकृमी स्वतःच्या हाताने पिशवीत घालायचा, हे व्हायला नको. तिथे विकतची, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेली भुकटीच बरी, आणि तीही रोप प्रयोगशाळेतून कोकोपीटमध्ये येतं त्याच पहिल्या बदलीला. त्या वेळी मुळी कोवळी असते, दुसरी कोणतीच बुरशी आत बसलेली नसते. दुसऱ्या बदलीपर्यंत थांबलं की तोवर पिशवीतल्या खतातून स्फुरद चढलेला असतो आणि लागण कमी होते.

पुडी घेताना ती दुकानाच्या दर्शनी काचेतून न घेता आतल्या थंड कपाटातली मागावी. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर फक्त तपासणीसाठी घ्यावी, रोपवाटिकेसाठी नाही. उघडलेली पुडी दमट हवेत गोळा होते. क्लिप लावून डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवावी. फ्रीजरमध्ये टाकू नये.